रांजणाजवळची चिलटं

माझ्या तोंडाला घरातली माणसं टरकून असत. यात फुशारकी नाही, पण लपवूनही उपयोग नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. भाजीत मीठ जास्त झालं तर माझी कटकट जेवण संपेपर्यंत चाले. वाळत घातलेलं लुगडं वाकडं दिसलं तरी चाले. बाबा खाली मान घालून जेवत. आत्या मात्र शांतपणे ऐकून घ्यायची आणि मी दम घ्यायला थांबले की विचारायची, "झालं का व बोलून? वाढू आता पोळी?" मग मलाच हसू यायचं आणि प्रकरण तिथेच मिटायचं. असं आमचं अकोल्याचं घर होतं, तीन माणसांचं.

आई मला आठवत नाही. आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि मला तिनेच वाढवलं. तिचं सासर रिद्धपूरच्या बाजूचं, महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. सासर सुटलं, पण उपदेश तिने सोडला नाही. पिण्याचं पाणी ती दुपदरी फडक्यातून गाळायची. चूल पेटवण्याआधी प्रत्येक गोवरी जमिनीवर आपटायची, आत कुणी वस्तीला असेल तर त्याने आधी बाहेर पडावं म्हणून. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर मुंग्यांसाठी चिमूटभर पीठ टाकायची. "त्याइचा वाटा त्याइले देल्ला का त्या घरात येत नाईत," असं तिचं म्हणणं, आणि खरंच फारशा येत नसत. निदान ढेकणांना तरी या धर्मातून वगळावं, अशी बाबांनी तिला अनेकदा विनंती केली. ती तिने कधीच मान्य केली नाही.

अशा घरातली मुलगी अमरावतीला जाऊन प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करू लागली. ही साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. मी बेडूक फाडते हे आत्याला सांगितलेलं नव्हतं. "काय शिकून राहिली व तू तिथं?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "जीवजंतूंची माहिती." तेवढ्यावर तिचं समाधान झालं. माहिती घेण्यात पाप नाही.

आमचे एक सर चांदूर बाजारकडचे होते, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. कलकत्त्याला शिकून आले ते येताना ओल्या टॉवेलात गुंडाळून माशांच्या बाटल्या घेऊन आले. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं, तीच ही. शास्त्रात तिला फळमाशी म्हणतात, तिचा वंश वाढताना डोळ्यांदेखत पाहता येतो म्हणून जगभर पाळतात. पुस्तकात तिच्या खाण्यासाठी मक्याचं पीठ सांगितलं होतं. आमच्याकडे ज्वारीला तोटा नाही, तेव्हा सरांनी ज्वारीच्या कण्या गुळात शिजवल्या, घट्ट होण्यासाठी त्यात थोडं अगर, म्हणजे चायनाग्रास, घातलं आणि माशांनी त्या आनंदाने खाल्ल्या. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या आम्ही जमवायचो. बुचासाठी कापूस माझ्याकडून, कारण बाबा अकोल्यात एका जिनिंगमध्ये कामाला होते.

सरांच्या माशांत दोन प्रकार असत. काहींचे पंख सरळ, काहींचे टोकाशी वर वळलेले. प्रत्येक गुण जिनांच्या जोडीवर ठरतो, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. जोडीत एक जीन वळवणारा असला की पंख वळलेले, आणि दोन्ही साधे असले की पंख सरळ. दोन्ही वळवणारे आले तर जीव सुरुवातीलाच मरतो. त्यामुळे दर बाटलीत दोन्ही प्रकार निघत. पण एका जोडीपासून मी वाढवलेल्या बाटलीत, काही पिढ्यांनंतर, सरळ पंखांची माशी निघेनाशी झाली. सरांना वाटलं, मी निवडताना घोटाळा केला. मी त्यांच्याशी भांडले. घरी मिठावरून भांडणारी बाई माशांवरून का नाही भांडणार?

खरं काय ते मला बाटली धुताना कळलं. माशीची अळी पोटभर खाऊन झालं की काचेवर चढते, तिथे चिकटून कोष करते आणि काही दिवसांनी कोषातून माशी निघते. त्या बाटलीतल्या सगळ्या माशा निघून गेल्या होत्या, कोष रिकामे होते, आणि तळच्या लगद्यात काही अळ्या अजून तशाच पडलेल्या होत्या. चांगल्या जाड, फुगलेल्या, काचेसारख्या पारदर्शक. त्या वर चढल्या नव्हत्या की त्यांनी कोष केला नव्हता. त्या नुसत्या वाढत राहिल्या होत्या. मी बाटली धुवायची थांबले आणि तशीच ओल्या हातांनी सरांकडे धावले, कारण सरळ पंखांच्या माशा कुठे गेल्या ते मला दिसलं होतं. त्या होत्या तिथेच होत्या, माशी व्हायच्या राहिल्या होत्या.

सरांनी एका अळीचा मेंदू दोन सुयांनी काढला. आधी तो जागच्या जागी पाहूनच ते चपापले, कारण तो असायला हवा त्याच्या कितीतरी मोठा होता. मग त्याला लाल रंग दिला, वर पातळ काच ठेवली आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबला. साध्या अळीच्या मेंदूत एखाददुसरी पेशी विभागताना सापडते, शोधावी लागते. इथे जिकडे पाहावं तिकडे पेशी विभागत होत्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार, कुणाला कुणाचा धरबंध नाही. सर एरवी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ते म्हणाले, "पोरी, ह्या थांबूनच नाई राहिल्या व!"

मग त्यांनी मला समजावलं. पेशीला 'विभागून घे' म्हणून सांगणारं काही असतं, हे सगळे धरून चालतात. आता पुरे म्हणून सांगणारंही काही असायला हवं, आणि तोही एक जीनच असावा. आमच्या बाटलीत तो बिघडला होता. वळलेल्या पंखांच्या माशीत त्याची एक बाजू बिघडलेली आणि एक शाबूत, म्हणून ती धडधाकट. पण बिघाड सरळ पंखांच्या जिनाला चिकटून चालत होता, म्हणून जिचे पंख सरळ व्हायचे त्या अळीत दोन्ही बाजू बिघडलेल्या येत, आणि मग तिला थांबताच येत नसे.

याची परीक्षा अमरावतीत होण्यासारखी नव्हती, ती कलकत्त्यालाच व्हायची. तिथे रंगवलेल्या काचपट्ट्या दाखवून भागणार नव्हतं, जिवंत माशा हव्या होत्या, कारण तो बिघाड त्यांच्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. पावसाळ्यात उकाडा उतरला की सर स्वतः माशा घेऊन जाणार होते आणि तिथे माझ्यासाठी संशोधनाची जागा मागणार होते. मी बाबांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, "कलकत्तेवाल्याइनं बलावलं तं जाय. नाई बलावलं तं मी पाह्यलेल्या घरी जाय. मंग कटकट करायची नाई." एवढं मोकळं बोलणं त्या काळात आमच्या ओळखीत कुणाच्या बापाने केलं नव्हतं. म्हणजे माझं सगळं त्या एका बाटलीतल्या चिलटांवर होतं.

आणि मध्ये वऱ्हाडचा उन्हाळा होता. उकाडा वाढला की या माशांचे नर निकामी होतात, आणि फार वाढला की माशा मरतात. कॉलेजला सुट्टी लागली तेव्हा आम्ही बाटल्यांची वाटणी केली. काही सरांनी आपल्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांआड ठेवल्या, काही मी अकोल्याला नेल्या. आमच्या घरात थंड जागा एकच होती, स्वयंपाकघरातला कोपरा. तिथे ओल्या वाळूत अर्धा पुरलेला रांजण होता, त्याच्याभोवती भिजवलेलं पोतं असे. तो कोपरा आत्याचा होता.

"प्याच्या पान्यापाशी किडे? तुले याड लागलं का व?"

मी म्हणाले, त्या बंद आहेत, बाहेर येत नाहीत. तिने बाटली उजेडात धरून पाहिली.

"याइले खायाले काय देतं?"

"कण्या. गुळाच्या."

"गुळाच्या कण्या!" तिचा आवाज मऊ झाला. घरच्यासारखं खाणाऱ्या प्राण्याला नाही म्हणणं तिला जड गेलं असावं. "ठेव मंग. पन या घरात एक बी मारायची नाई, सांगून ठेवते."

मी कबूल केलं आणि बऱ्यापैकी पाळलं. माशा मोजताना त्यांना ईथर देऊन निजवावं लागे, ते मी परसात करी. जास्तीच्या माशा मारण्याऐवजी तिथेच सोडून देई. आमच्या परसातल्या पाली त्या उन्हाळ्यात चांगल्या बाळसेदार झाल्या, पण तो पालींचा आणि त्यांच्या देवाचा प्रश्न होता. एकच गोष्ट मी आत्यापासून लपवली. बाटल्या ज्या स्टुलावर होत्या त्याचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, कॉलेजात ठेवायचो तसे. माशांच्या बाटलीला मुंग्यांइतका वैरी नाही. कापसाच्या बुचातूनही त्या आत शिरतात आणि अळ्या ओढून नेतात. उन्हाळ्यात मुंग्या पाण्याच्या ओढीने येत आणि वाट्यांत बुडत. सकाळी आत्या नळावर गेली की मी मेलेल्या मुंग्यांचं पाणी परसात फेके आणि नवं भरे. ती परत येई तेव्हा वाट्या स्वच्छ असत.

हळूहळू तिला माशांचा लळा लागला. माझं भिंग डोळ्याला लावून ती बाटलीसमोर उकिडवी बसायची.

"ह्या जाड्या वर काहून चढत नाईत?"

"त्यांना थांबता येत नाही. नुसत्या वाढतात."

"मंग मरतीन?"

"हो."

"तू तं नाई मारत ना?"

"नाही. आपोआप मरतात."

"लाडावल्या हायेत," ती म्हणायची, आणि बाटली फार हळू खाली ठेवायची. त्या दिवसांत तिने एकदाही पोतं सुकू दिलं नाही. अंगाची लाही होत असताना माझ्या माशांना पिल्लं होत होती, आणि त्याचं श्रेय निम्मं तिचं होतं.

नवतपा लागला. वर्षातले सगळ्यात कडक दिवस ते. त्यात सरांचं कार्ड आलं, येऊन जा. मी निघताना आत्याला बजावलं की पोतं ओलं ठेव आणि वाट्यांतलं पाणी आटू देऊ नको. बाटल्यांना हात लावू नको. तिने तीनही गोष्टी घोकून दाखवल्या.

अमरावतीला सर आपल्या खोलीत बाटल्या धूत बसले होते. एरवी हे काम ते कधी करत नसत. विहीर आटली, ताट्यांवर मारायला पाणी मिळेना, आणि दोन दिवसांत त्यांच्याकडच्या सगळ्या माशा गेल्या होत्या. "आता तुझ्याच," ते म्हणाले. मी तोंडाने हळहळले. मनातून मला आनंद झाला होता, आणि तो मी आजही नाकारत नाही. आता त्या माशा जगात फक्त माझ्याकडे होत्या. सरांनी बेत सांगितला. मृग लागला की बडनेऱ्याहून हावड्याची मेल धरायची, बाटल्या मांडीवर घेऊन. त्यांच्या बायकोने मला रात्री ठेवून घेतलं. सकाळच्या गाडीने मी अकोल्याला आले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात कलकत्त्याला घर करून राहिले होते.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. आत्याने पाणी दिलं. ती खुशीत होती. "पोतं भिजवलं. वाट्या भरल्या. पाह्य जाऊन."

मी पाहिलं. स्टुलाच्या चारही पायांवरून मुंग्यांच्या रांगा वर चढत होत्या आणि उतरत होत्या. उतरणाऱ्यांच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. कापसाच्या बुचांवर मुंग्या, बाटल्यांच्या आत मुंग्या, तळाशी माशांचे सुटे पंख, काचेवर जिथे कोष असायचे तिथे मुंग्या. वाट्यांतलं पाणी काठोकाठ होतं. आणि प्रत्येक वाटीत एक-एक कडुलिंबाची काडी नीट ठेवलेली होती, एक टोक काठाबाहेर, जमिनीला टेकलेलं, दुसरं स्टुलाच्या पायाला टेकलेलं.

आत्या माझ्या मागे उभी होती. "सकाळी पाह्यलं तं किती बुडून मेल्या होत्या व त्याच्यात! तुह्या ध्यानात नाई आलं वाटते. काड्या ठेवल्या, आता पाह्य, एक बी बुडत नाई."

मी तोंड उघडलं. मिठासाठी, लुगड्यासाठी, सांडलेल्या दुधासाठी ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्यातून आवाज निघाला नाही. तिचा चेहरा समोर होता, मुंग्या वाचल्याच्या आनंदाने उजळलेला. मी खाली बसले.

"काय झालं व?"

"काही नाही. ऊन लागलं."

तिने घाईघाईने पन्हं केलं, माझ्या तळव्यांना कांदा चोळला. मी पडून राहिले. ती तळवे चोळत होती आणि मला तिचा राग येत होता, आणि राग येतोय म्हणून रडू येत होतं.

संध्याकाळी मी म्हणाले, माशांना मुंग्या लागल्या, काही माशा उडाल्या असतील, वळलेल्या पंखांची एक जरी सापडली तरी पुरे. बाबा म्हणाले, "चिलटंच ना? आंब्याच्या सालीपाशी बस, पायजे तेवढी सापडतीन." पण त्यांनीही शोधलं. आत्याने सगळ्यात जास्त शोधलं. साली आणि कोयींचं टोपलं पुढ्यात घेऊन, भिंग लावून, ती एकेका चिलटाचे पंख पाहत होती. सगळे सरळ. गावातली चिलटं, त्यांचा कलकत्त्याशी काही संबंध नव्हता. वळलेल्या पंखांची एकही सापडली नाही.

बाटल्यांच्या तळाशी, लगद्यात खोल, मात्र चार-सहा अळ्या जिवंत निघाल्या. मुंग्या तिथवर पोचल्या नव्हत्या. मी ताज्या कण्या शिजवल्या आणि त्या नव्या बाटलीत ठेवल्या. आत्या दिवसातून कितीदा तरी जाऊन पाही. त्या जाड होत गेल्या, पारदर्शक होत गेल्या. वर एकही चढली नाही. शेवटी उरल्या होत्या त्या सगळ्या थांबता न येणाऱ्या. त्यांच्यापासून पुढे काहीच होणार नव्हतं.

त्या दिवसांत केव्हातरी वाट्यांतल्या काड्या नाहीशा झाल्या. मी काढल्या नव्हत्या. कुणी काढल्या, ते मी विचारलं नाही.

सर काचपट्ट्या घेऊन कलकत्त्याला जाऊन आले. तिथल्यांनी पाहिल्या, कौतुक केलं आणि विचारलं, माशा कुठे आहेत? पुढच्या वर्षी सरांची बदली झाली. बाबांनी दिलेला शब्द पाळला, मीही पाळला. लग्न होऊन मी अमरावतीलाच आले आणि एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. बेडकाची आकृती फळ्यावर मी डोळे मिटून काढू शकते. मुली म्हणत, बाई फार कडक आहेत.

मी कलकत्त्याला गेले नाही, याचं मला वाईट वाटतं. हे मी फिरवून सांगत नाही. लोक म्हणतात, जे झालं ते बऱ्यासाठी झालं. ते बऱ्यासाठी झालं नाही. कितीतरी वर्षांनी मला वाचायला मिळालं की तशा जाड अळ्या परदेशात कुणाला तरी आमच्या आधीच सापडल्या होत्या, आणि पेशींना आवर घालणारे असे जीन एक नाही, अनेक आहेत. ते माणसातही आहेत. आमचा जीन त्यांच्यातलाच होता की वेगळाच कुठला, हे आता कळायला मार्ग नाही. दोन्हींचा संकर करून पाहिलं असतं तर पंधरवड्याच्या कामात कळलं असतं. पण त्यासाठी माशा हव्यात.

लग्नानंतर माहेरी जाई तेव्हा एक गोष्ट खटके. भाजीत मीठ कमी असे, दर वेळी. मी मुकाट्याने वरून घेई. मला वाटलं, आत्याची जीभ म्हातारी झाली.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा बाबा म्हणाले, आत्या घागर उचलत नाही, उजवा हात वर करत नाही. मी अकोल्याला गेले आणि तिला न्हाऊ घालायच्या निमित्ताने न्हाणीत शिरले. ती पदर घट्ट धरून बसली. "तू जाय व, मी करते माह्यं," असं तीन-चारदा म्हणाली. शेवटी माझ्यापुढे तिचं चालेना. उजव्या छातीतली गाठ कातडी फोडून बाहेर आली होती.

तिला मी अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? "असंन दोन-तीन वर्सं," ती म्हणाली. डॉक्टर तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यावरून मला समजलं. आता कापूनही उपयोग नव्हता.

दुपारी वॉर्डात मी तिच्या कॉटजवळ बसले होते. ती म्हणाली, "तुह्या त्या जाड्या अळ्याइसारखं हाये का व हे?"

"तसंच काहीसं."

"मंग हे थांबत नाई." तिने डाव्या हाताने चादर वर ओढली. मग म्हणाली, "त्या काड्या म्या ठेवल्या होत्या."

"माहीत आहे मला."

"तुले मालूम हाये हे मले मालूम हाये. मीठ जादा झालं तं तू घर डोक्यावर घ्याची. त्या दिवशी काहीच नाई बोलली. तवाच म्या समजली, आपून काय करून बसलो ते. मंग काड्या काढल्या. वाट पाह्यली, आज बोलते, उद्या बोलते. तुहं लगन झालं, भाजीत मीठ कमी घालून पाह्यलं, तरी बोलली नाई."

मी म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. रडली असती. मंग 'झालं का बोलून' म्हनून तुले वाढलं असतं." तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला. "ही गाठ हाताले लागली तवा मनात आलं, एक डाव हिचं कलकत्ता घालवलं. आता हिच्या संसाराले आनखी तरास काहून? म्हनून नाई सांगलं."

पेशी थांबेनाशा झाल्या की कसं दिसतं, हे सबंध घराण्यात पाहिलेली बाई मी एकटीच. आणि नेमकं माझ्यापासूनच तिने लपवलं होतं.

"आता तरी बोल मले," ती म्हणाली.

तेव्हा मी बोलले. वॉर्डातल्या बाया वळून पाहू लागल्या इतकं बोलले. "अक्कल आहे का तुला? पाय पाण्यात कशाला ठेवले असतील, एवढं कळू नये? मुंग्यांना पूल बांधून दिलास! जगात तेवढ्याच होत्या त्या माशा, आत्या, तेवढ्याच! मी कलकत्त्याला गेले असते!" शेवटी शेवटी मी काय बोलत होते ते मलाही ऐकू येत नव्हतं, कारण रडत होते. तीही रडत होती, आणि तोंडावर पदर घेऊन हसतही होती.

मी दम घ्यायला थांबले.

"झालं का व बोलून?" तिने विचारलं. "आता मले जरा पानी पाज."

मी पाणी पाजलं. पुढे ती फार दिवस राहिली नाही.

त्या दुपारी मी तिला काड्यांसाठी बोलले. गाठ लपवली म्हणून मात्र बोलले नाही. ती एवढी थकली होती, म्हटलं, तिला वाईट वाटेल. ती माझ्याकडे पाहत राहिली होती, पाणी पिऊन झाल्यावरही, बराच वेळ. अजून काहीतरी ऐकायचं राहिलंय, तसं.